आलो म्हणजे उजेड

मुलगा तेव्हा दीड वर्षाचा होता. संध्याकाळची वेळ, खोलीत अंधारून आलेलं. तो भिंतीपाशी उभा राहून वर बोट दाखवत म्हणाला, ‘आलो.’ मी आतून ओरडले, ‘ये की मग!’ तो काही आला नाही. पुन्हा, जरा चिडून, ‘आलो!’ ‘अरे ये ना, कोण नको म्हणतंय?’ तिसऱ्या वेळी त्याने भोकाड पसरलं, तेव्हा नवरा उठला, दिव्याचं बटण दाबलं आणि हसत सुटला. बंगालीत ‘आलो’ म्हणजे उजेड.

आमच्या घराची मांडणी अशी: मी मराठी, नवरा बंगाली, आणि लग्नाच्या आधीपासून आम्ही दोघं एकमेकांशी बोलतो ते इंग्रजीत. मूल होणार म्हटल्यावर ‘कुठल्या भाषेत वाढवायचं’ यावर फारशी चर्चा झाली नाही. तान्ह्या बाळाशी इंग्रजीत लाडानं बोलायला माझं तोंडच वळत नाही, नवऱ्याचंही तेच. त्यामुळे ज्याची त्याची भाषा हा नियम आम्ही ठरवला नाही, तो होऊन गेला. मागाहून मी वाचायला लागले तेव्हा त्याला आधारही सापडला. ज्यूल रोंझा या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने १९१३ साली आपल्या लुई नावाच्या मुलाच्या बोलण्याची नोंद प्रसिद्ध केली. बाप फक्त फ्रेंच बोलणार, आई फक्त जर्मन. हा सल्ला त्याला मोरिस ग्रामों या दुसऱ्या भाषाशास्त्रज्ञाने दिला होता. शंभराहून जास्त वर्षं उलटली तरी आईबापांना पहिल्यांदा हाच नियम सांगितला जातो, आणि मीही तो व्रतासारखा धरला. एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली नाही. रोंझाच्या घरात भाषा दोन होत्या आणि प्रत्येक भाषेला एक माणूस होतं. आमची तिसरी भाषा कुणाच्याच नावावर नव्हती. ती आम्हा दोघांच्या मध्ये बसलेली होती, आणि पोरगं ती पहिल्या दिवसापासून ऐकत होतं.

सुरुवातीची दोन वर्षं गमतीची गेली. मराठी आणि बंगाली या तशा चुलतबहिणी. हात, नाक, कान दोन्हीकडे तेच. पण बहिणी असल्या तरी फसवतात. बंगालीत ‘आमि’ म्हणजे मी, आपल्याकडे आम्ही म्हणजे अख्खी टोळी. ‘तुमि’ म्हणजे जवळच्या माणसाला म्हणायचं तू, आपल्याकडे तुम्ही म्हणजे आदर. त्यामुळे आमचे चिरंजीव मला सरळ ‘आई, तुमि ये’ म्हणायचे. माझी आई फोनवर हे ऐकून खूश: ‘किती वळण लावलंयस गं पोराला!’ वळण कसलं, ते बापाचं व्याकरण होतं. एकदा दोन चेंडूंपैकी एक हातात घेऊन तो म्हणाला, ‘एकटा बॉल.’ मला वाटलं, काय पण हळवं पोर आहे, चेंडूचं एकटेपण कळलं! बंगालीत ‘एकटा’ म्हणजे नुसतं एक, एक नग.

अशी सरमिसळ ऐकली की लोक मान हलवून म्हणतात, ‘गोंधळलाय बिचारा.’ मी रोज जवळून पाहत होते, मला तो गोंधळ दिसला नाही. ज्या वस्तूला त्याच्याकडे एकच शब्द होता, तो तो सगळ्यांवर चालवायचा. दुसरा शब्द मिळाला की आपोआप वाटणी व्हायची. दोन वर्षांचा व्हायच्या आतच माझ्याकडे बूट घेऊन आला तर ‘बूट’, आणि तेच बूट घेऊन बापाकडे वळला तर ‘जुतो’. मधल्या चार पावलांत शब्द बदललेला असायचा.

आता बावीस महिन्यांची गोष्ट. ही मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण इथे आम्ही चुकता चुकता राहिलो.

नेहमीच्या तपासणीला गेलो होतो. शब्दांची एक छापील यादी देतात, मूल जे बोलतं त्यावर खूण करायची. यादी इंग्रजी. मी प्रामाणिकपणे खुणा केल्या, आठ झाल्या. डॉक्टरांनी कागद पाहिला, मुलाकडे पाहिलं, आणि म्हणाले, ‘तीन भाषांचं ओझं होतंय त्याला. सध्या एकच ठेवा, इंग्रजी ठेवा, बाकीच्या नंतर बघता येतील.’ सूर चांगला होता, माणूसही चांगला. मी मान हलवली आणि गाडीत येऊन रडले. एकच ठेवायची म्हणजे मी माझ्या मुलाशी परक्यासारखं बोलायचं? नवरा म्हणाला, आठवडाभर थांबू.

त्या आठवड्यात आम्ही फ्रिजवर एक कागद चिकटवला, तीन रकान्यांचा. तोंडातून शब्द निघाला की जो जवळ असेल त्याने लिहायचा. नक्कल करून म्हटलेला शब्द धरायचा नाही, स्वतःहून म्हटला तरच. उच्चार बोबडा असला तरी चालेल, पण दर वेळी त्याच अर्थाने यायला हवा. ‘भुर्र’, ‘भू भू’ हेही धरले, कारण त्याच्यासाठी ते शब्दच होते. आठ दिवसांनी मराठीच्या रकान्यात एकवीस, बंगालीत सतरा, इंग्रजीत आठ. बेरीज सेहेचाळीस. एकाच गोष्टीला दोन-तीन भाषांत शब्द होते ते एकदाच मोजले तर तेहेतीस वेगवेगळ्या गोष्टींना त्याच्याकडे नाव होतं.

तो कागद घेऊन आम्ही वाचा-उपचार करणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी आधी श्रवणचाचणी करून घ्यायला लावली. बोलणं उशिरा येतंय असं वाटलं की सगळ्यात आधी कान तपासायचे, भाषा एक असो की तीन. कान ठणठणीत निघाले. मग त्यांनी त्याला तासभर खेळवलं, आम्हाला आपापल्या भाषेत बोलायला लावलं आणि मागे बसून पाहिलं. दोन वर्षांच्या आसपास पन्नासेक शब्द आणि दोन शब्द जोडून बोलायला सुरुवात, हा ढोबळ मापदंड त्यांनी सांगितला. पण मोजायचं ते सगळ्या भाषा मिळून. तीन खिशांत पैसे ठेवणाऱ्याचा एकच खिसा तपासून त्याला गरीब ठरवायचं नाही, असं त्या म्हणाल्या. इंग्रजी आणि स्पॅनिश बोलणाऱ्या मुलांवर बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली हेच दाखवलं होतं, हे मी नंतर वाचलं: एकेक भाषा सुटी पाहिली तर मूल मागे दिसतं, दोन्ही एकत्र धरल्या तर ते बरोबरीचं निघतं.

काळजी कशाची करायची हेही बाईंनी स्पष्ट सांगितलं. मूल सांगितलेलं समजत नसेल, बोट दाखवत नसेल, नजरेला नजर देत नसेल, आधी येत असलेले शब्द हरवत असतील, किंवा सगळ्याच भाषांत सारखंच अडलेलं असेल, तर थांबायचं नाही, लगेच यायचं. अशा अडचणी एकभाषिक मुलांतही असतात. जास्त भाषांमुळे त्या होत नाहीत आणि भाषा कमी केल्याने जात नाहीत. आमच्या मुलाच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच ‘बाबा गेला’ आणि ‘आलो नाही’ अशी वाक्यं सुरू झाली. (दुसऱ्याचा अर्थ ‘दिवा बंद आहे’. तोवर मी शहाणी झाले होते.)

दोन वर्षं चार महिन्यांचा असताना तो पाळणाघरात जायला लागला, आठवड्याचे पाच दिवस, रोज आठ तास. तिथे फक्त इंग्रजी. इंग्रजी त्याच्या कानावर होती, पण त्याच्याशी कुणी ती बोलत नव्हतं, आणि तिथे पहिले दहा आठवडे तो जवळजवळ गप्प होता. खेळायचा, हसायचा, रांगेत उभा राहायचा, शब्द नाही. अशी मुकी पायरी नव्या भाषेत शिरणाऱ्या लहान मुलांत नेहमीची असते. गप्प असलेलं मूल तेव्हा कान उघडे ठेवून असतं. पण त्या काळात त्याला शू लागली तर तो सांगणार कसा? म्हणून आम्ही ताईंना एक कार्ड करून दिलं: पाणी आणि जॉल, झोप आणि घूम, शू, दुखतंय, आई पाहिजे. उच्चार त्यांच्या लिपीत, पुढे अर्थ. सगळ्या खटाटोपात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट हीच. दहाव्या-अकराव्या आठवड्यात त्याचे तिथले पहिले इंग्रजी शब्द बाहेर पडले ते सुटे नव्हतेच, गठ्ठेच्या गठ्ठे: ‘माय टर्न’, ‘मी टू’, ‘डोंट पुश’. भांडणाची भाषा आधी येते, हे माझं निरीक्षण.

इथवर मी निर्धास्त होते. खरी परीक्षा तो साडेतीन वर्षांचा झाल्यावर आली.

चिरंजीव इंग्रजीत उत्तरं द्यायला लागले. मी मराठीत विचारायचं, त्याला सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. बापाचा बंगालीतून प्रश्न, उत्तर इंग्रजीत. मी वहीत हिशेब मांडला. जागेपणीचे तास, त्यातून पाळणाघराचे वजा, त्यातून कपडे चढवणं-उतरवणं आणि ‘चल, उशीर होतोय’ वजा. मराठीच्या वाट्याला आठवड्याला बारा-तेरा तास उरत होते, आणि त्यातली निम्मी मराठी म्हणजे हुकूम. उचल, ठेव, चल, बस, नको. मी पोराशी मराठीत बोलत नव्हते, मराठीत कवायत घेत होते.

बेल्जियममध्ये आनिक द हाउवर यांनी जवळजवळ १,९०० कुटुंबांची पाहणी केली होती, २००७ साली ती प्रसिद्ध झाली. घरात दुसरी भाषा कानावर पडत असूनही सुमारे पाव मुलं ती बोलत नव्हती. आणि फरक पडत होता तो आईबाप घरात बाहेरची भाषा किती वापरतात याने. हे वाचून मी पहिल्यांदा माझ्या आणि नवऱ्याच्या इंग्रजीकडे पाहिलं.

पण त्याआधी मी एक मूर्खपणा केला, तोही सांगते. कुठेतरी वाचलं होतं की मूल दुसऱ्या भाषेत बोललं तर कळलं नाही असं दाखवावं. एलिझाबेथ लांझा यांनी १९९२ मध्ये आईबापांच्या अशा प्रतिसादांची वर्गवारी केली आहे: न कळल्याचं दाखवणं, अंदाजाने आपल्या भाषेत विचारणं, तेच आपल्या भाषेत म्हणून दाखवणं, तसंच पुढे जाणं, आणि शेवटी मुलाच्या भाषेत जाणं. मी सगळ्यात कडक पायरी उचलली. एक दिवस तो पाळणाघरातून आला तो फुटायच्याच बेतात. कुणीतरी त्याला ढकललं होतं, त्याने बांधलेला मनोरा पाडला होता. तो इंग्रजीत भडाभडा सांगायला लागला. मी म्हटलं, ‘मला नाही कळलं, मराठीत सांग.’ त्याने पुन्हा सांगितलं, इंग्रजीतच, जरा हळू. मी पुन्हा, ‘मराठीत सांग ना.’ त्याने माझ्याकडे पाहिलं. रोज संध्याकाळी बापाशी इंग्रजीत बोलणारी बाई. म्हणाला, ‘यू नो इट.’ मग वळला, कोपऱ्यातला कापडी हत्ती उचलला आणि सगळी हकीकत त्याच्या कानात सांगितली. इंग्रजीत.

त्या रात्री मी ठरवलं की हे नाटक बंद. ज्या आईला सगळी इंग्रजी येते तिने न कळल्याचं सोंग आणणं म्हणजे पोराला खोटं पाडणं. घरात खरंच ती भाषा न येणारं माणूस असेल तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवसापासून मी त्याचं वाक्य मराठीत उचलायला लागले. तो म्हणाला ‘ही पुश्ड मी’, की मी, ‘ढकललं? कुणी ढकललं? मग तू पडलास का?’ त्याला मराठीत म्हणायला लावायचं नाही, पण शब्द ताजा असतानाच हातात द्यायचा आणि गोष्ट पुढे न्यायची. काही आठवडे काहीच झालं नाही. मग इंग्रजी वाक्यांच्या मधे एखादं ‘ढकललं’ डोकावायला लागलं. ‘ही ढकललंड मी’ हे ऐकून मी मनातल्या मनात नाचले.

दुसरा बदल आम्ही स्वतःत केला. पोरासमोर इंग्रजी कमी करायची. मी नवऱ्याशी मराठीत बोलणार, तो माझ्याशी बंगालीत, दोघांनी एकमेकांची भाषा समजून घ्यायची. पहिला महिना हास्यास्पद गेला. वीजबिलासारख्या विषयाला तर आम्ही हळूच पुन्हा इंग्रजीत घसरायचो, अजूनही घसरतो. पण मुलाला पहिल्यांदाच दिसलं की मराठी ही आईची लहर नाही, दोन मोठी माणसं ती वापरून एकमेकांशी भांडूसुद्धा शकतात. माझी बंगाली मात्र यथातथाच. एकदा मी ‘जल’ म्हटलं तर चार वर्षांच्या पोराने मला थांबवलं: ‘आई, जल नाही, जॉल.’ मी पुन्हा म्हटलं. त्याने दयेने मान हलवली. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांचा १९८४ चा प्रयोग मला तेव्हा आठवला. इंग्रजी घरातल्या सहा-आठ महिन्यांच्या बाळांना हिंदीतल्या ट आणि त मधला फरक ऐकू येत होता, वर्षाची होईतो तो बहुतेकांच्या हातून सुटला. माझं बंगालीचं दार असंच कधीतरी पाळण्यात बंद झालेलं असणार.

पडद्यावरची गाणी-गोष्टी लावून मराठी वाढेल अशी आशा मलाही होती. फारसं हाती लागलं नाही. पट्रिशिया कूल यांच्या २००३ च्या प्रयोगात नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं समोर बसलेल्या माणसाकडून मँडरिनचे ध्वनी टिपत होती, तीच माणसं व्हिडिओवर दाखवली तर काहीच नाही. व्हिडिओ कॉलचं मात्र वेगळं; तिथे समोरचं माणूस उत्तर देतं. आम्ही ‘आजीला नमस्कार कर’ छापाचे कॉल बंद केले. त्याऐवजी आजोबा कॅमेऱ्याआड एक वस्तू लपवायचे आणि तो ओळखायचा: मोठी की लहान? मऊ की टणक? वीस मिनिटं कुठे जायची कळायचं नाही. आणि घरात आणली शब्दच नसलेली चित्रांची पुस्तकं. एकच पुस्तक, मी मराठीत सांगायचं, बाबाने बंगालीत, आणि दोघांच्या गोष्टी जुळायच्या नाहीत. माझ्या गोष्टीतला कोल्हा पळून जायचा, बाबाचा पकडला जायचा. ‘बाबा तसं नाही सांगत’ म्हणून तो मला बाबाची गोष्ट मराठीत सांगायला लागला. मी न मागता.

एक दोष मात्र शिल्लक होता, आणि तो माझाच होता. मुलगा म्हणायचा, ‘मी पडले.’ ‘मी येते.’ ‘मी नाही झोपली.’ मराठी शिकला तो एकट्या माझ्या तोंडून, आणि मी बाई. बंगालीच्या क्रियापदाला लिंगच नाही, त्यामुळे तिकडूनही मदत नाही. ‘तू पडलास’ हे तो रोज ऐकत होता, पण ‘मी पडलो’ म्हणणारा पुरुष त्याच्या आयुष्यात नव्हता. पडद्यावरचे आजोबा होते, पण ते वस्तू लपवण्यात गुंतलेले. मी दुरुस्त करायचे, तो मान डोलवायचा, आणि पुढच्या मिनिटाला ‘मी जाते!’

तो साडेचार वर्षांचा असताना माझे आईबाबा तीन महिने राहायला आले. बाबांना इंग्रजी वाचता येते, पण पोराची पाळणाघरी इंग्रजी त्यांच्या डोक्यावरून जायची. सोंग नव्हतं, खरंच कळायचं नाही. दुसऱ्याच दिवशी गाडी सोफ्याखाली अडकली. ‘इट्स स्टक!’ बाबा म्हणाले, ‘कोण टक?’ ‘स्टक!’ ‘टक? कुठला टक?’ पोरगं थांबलं. डोळे छताकडे गेले. आणि मग, हळूच, ‘अडकली.’ हा शब्द मी त्याला शेकडो वेळा ऐकवला असेल, त्याच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा निघाला. जर्मन बापाने इंग्रजी मुलखात वाढवलेल्या हिल्डेगार्डबद्दल मी वाचलं होतं. वेर्नर लिओपोल्ड या भाषाशास्त्रज्ञाची ही लेक. तिची जर्मन नुसती कानापुरती उरली होती, आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास काही महिने जर्मनीत राहिल्यावर ती घडाघडा बोलायला लागली. आमच्याकडे माणसंच चालून आली.

आईबाबांच्या तीन महिन्यांत पोराची मराठी कुठल्या कुठे पुढे गेली. नवरा थोडा हिरमुसला, कारण बंगाली मागे पडली. पुढच्या वर्षी त्याच्या आईला बोलवायचं असं ठरलं.

बाबा रोज संध्याकाळी फिरून परत येताना दारातूनच आरोळी ठोकायचे, ‘मी आलो रे!’ जायच्या आदल्या आठवड्यात मी मुलाला पाळणाघरातून घेऊन आले. बाबा आतल्या खोलीत, नवरा बाहेरच्या खोलीत लॅपटॉप घेऊन बसलेला, अंधार पडत होता. पोराने दारातच बूट भिरकावले आणि घसा ताणून ओरडला, ‘आजोबा, मी आलो!’

नवऱ्याने मान वर न करता हात लांब करून दिव्याचं बटण दाबलं.

मुलगा खो खो हसायला लागला. ‘आलो ना, बाबा, आमि एशेछि!’ आणि आत पळत, ‘आजोबा, बाबाला वाटलं मी दिवा!’